इंदुरात नवे आलात? एक प्लेट घ्या, चार चमचे मागा

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये जूनमध्ये नाशिकहून बदली होऊन एक कुटुंब आलं. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. खोकी फोडून व्हायच्या आत शेजारीण दारात हजर. "वहिनी, इथे खायला कुठे जायचं हो?" मी आपली उत्साहाने भराभर नावं सांगितली. आठवड्याभराने ती तोंड पाडून आली. सराफ्यात, म्हणजे सराफांच्या बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीत, गेली ती संध्याकाळी सहाला. तिथे लोक मंगळसूत्रांची वजनं करत बसलेले. पोह्यांना गेली दुपारी एकला. आणि थंडीतच मिळणारे गराडू मागितले भर जूनमध्ये. ठेलेवाला म्हणे हसून हसून खोकला.

चूक तिची नव्हती. मी जागा सांगितल्या, वेळा सांगितल्याच नाहीत. तिच्यासाठी नंतर एक कागद लिहून दिला. तो कागद तिच्याकडून तिच्या ऑफिसात, तिथून आणखी कुठे कुठे गेला, म्हणून आता नीटच लिहून काढते. माझा जन्म रामबागेतला, सासर लोकमान्य नगरात, म्हणजे पाण्याबरोबर जीरावन (इथला कोरडा मसाला) पिऊन मोठी झालेली बाई आहे, असं समजून वाचा.

आधी घड्याळ लावा

इंदूरचं खाणं घड्याळावर चालतं. पोहे-जिलेबी सकाळी साडेसहा-सातपासून. दहानंतरही मिळतात, पण एव्हाना ते वाफेवर बसून बसून मऊ गोळा झालेले असतात. अकरापासून चारपर्यंत कचोरी-समोशांचं राज्य. दाल-बाफले (डाळ आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे) दुपारीच, आणि त्यानंतर झोपायची सोय असेल तरच. संध्याकाळ छप्पनची, म्हणजे छप्पन दुकान या खाऊगल्लीची. सराफा रात्रीचा: साडेआठच्या सुमाराला सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडायला लागतात, त्यांच्याच ओट्यांवर आणि पुढ्यात शेगड्या मांडल्या जातात, आणि साडेनऊ-दहाला खरा रंग चढतो तो एक-दीडपर्यंत.

दुसरं घड्याळ ऋतूंचं. गराडू म्हणजे कोनफळाच्या जातीचा कंद, तो थंडीतच. बटल्याची कचोरीही थंडीतच (बटला म्हणजे मटार, भाजीवाल्याकडे मटार म्हटलंत तरी कळेल, पण बटला म्हटलंत की तो तुम्हाला इथला समजेल). भुट्टे का कीस (किसून शिजवलेला मका) आता बारा महिने मिळतो, पण पावसाळ्यात देशी कणसं आली की त्याची चव वेगळीच. एप्रिल-मेमध्ये पाहुणे येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की अर्धं इंदूर खायचं राहील.

हिशेब: माणसं चार, प्लेट एक

हा सगळ्यात महत्त्वाचा नियम, आणि पुण्या-मुंबईची माणसं इथेच चुकतात. ती प्रत्येकाला एक प्लेट मागवतात. मग दुसऱ्या ठेल्यापाशीच पोट भरतं आणि पुढचे पाच पदार्थ नुसते बघत उभं राहायचं. इंदुरात एक प्लेट घ्यायची आणि चमचे चार मागायचे. कोणी वाईट मानत नाही. उलट चमचे मोजून न मागताच पुढे येतात. चौघांनी सात पदार्थ खायचे तर एकूण सातच प्लेटा. एखादी गोष्ट फारच आवडली तर शेवटी तिच्याकडे परत या. पहिल्या फेरीत दुसरी प्लेट घ्यायची नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

याच हिशेबातलं दुसरं कलम: घरून जेवून निघू नका. माझ्या सासूबाईंना पाहुणे उपाशी घराबाहेर पडलेले चालत नाहीत. एका दिवाळीत माझी नणंद, तिचे यजमान आणि तिघं पोरं आली होती. सराफ्यात जायचं ठरलेलं, आणि सासूबाईंनी आठ वाजता पुरणपोळ्यांचा घाट घातला. "दोनच घ्या हो, तिकडे काय मिळतं काय नाही." सगळे दहा वाजता सराफ्यात पोचलो ते पोटावर हात ठेवून. नंदावे अर्धा दहीबडा खाऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर जे बसले, ते निघेपर्यंत उठले नाहीत. आता मी सराफ्याच्या दिवशी संध्याकाळी घरातला गॅसच पेटवत नाही.

पहिली सकाळ पोह्यांची

नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी, कारण पोहे आपल्याला येतात असा आपला समज असतो. इंदुरी पोहे वेगळे. आपण फोडणीत परतून झाकण ठेवतो. इथे मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं, त्यावर परात, आणि परातीत पिवळेजर्द पोहे सतत वाफेवर. त्यामुळे तेल कमी आणि पोहे मऊ. फोडणीत बडीशेप असते आणि चवीला साखरेचा हलका हात. शेंगदाणे शोधू नका. ओला नारळही नाही.

ठेल्यापाशी उभं राहून पोहेवाल्याचा हात बघा. कागद किंवा प्लेट डाव्या हातात, उलथन्याने पोह्यांचा डोंगर, मग चिमटीने जीरावन, बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, मूठभर सेव, कधी डाळिंबाचे दाणे, वर लिंबू पिळून पुढच्याचा पुडा हातात. सगळं मोजून आठ-दहा सेकंदांत. त्यात तो विचारतो, "भिया, सेंव तेज के सादी?" उत्तर तयार ठेवा. मागे चाळीस जण उभे असतात आणि विचार करणाऱ्या गिऱ्हाइकाला इंदुरात किंमत नाही.

जीरावन हे काय ते आधीच सांगते. जिरं, धणे, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग, मिरची आणि आणखी बरंच काही घालून केलेला कोरडा मसाला. वरून भुरभुरवायचा, शिजवायचा नाही. माझी शेजारीण पहिल्या महिन्यात तो आमटीत घालून बसली होती.

जिलेबी वेगळ्या पुड्यात घ्या. एक घास पोह्यांचा, एक तुकडा जिलेबीचा, असा क्रम. पोहे आधी संपवून जिलेबी "गोड म्हणून" शेवटी खाणारे लगेच ओळखू येतात.

तिखट आवडत असेल तर दुसऱ्या सकाळी उसळ-पोहे खा. राजवाड्याच्या परिसरात मिळतात, आणि त्यात आपल्या लोकांचा हात स्पष्ट दिसतो: पोह्यांवर झणझणीत उसळ, वर सेव. पोहे इथे होळकरांबरोबर महाराष्ट्रातून आले असं सगळेच सांगतात. खरं असावं. पण आता पोहे आमचे की त्यांचे हा वाद इंदुरात घालू नका, सेव मिळायची थांबेल.

साबुदाण्याच्या खिचडीचंही असंच. इथे ती कढईत परतत नाहीत. भिजवलेला साबुदाणा वाफेवर फुगवून ठेवतात, आणि तुम्ही मागितलीत की त्यात मीठ, मिरची, मसाला, दाण्याचं कूट, कोथिंबीर, लिंबू घालून हातासरशी ढवळून देतात, वर फराळी मिक्स्चर. दाणा दाणा सुटा. आमच्या आईला ती आयुष्यभर "कच्ची" वाटली. मला आता घरची चिकट लागते.

छप्पन: आजी-आजोबा आणि मुलांसाठी

नव्या पलासियातलं छप्पन दुकान. नाव छप्पन दुकानांवरून पडलं. रस्ता आता फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे, बसायला बाक आहेत, दिवे आहेत, मुलं सुटून पळाली तरी गाडीखाली यायची भीती नाही. म्हातारी माणसं बरोबर असतील तर पहिली संध्याकाळ सराफ्यापेक्षा इथेच काढा.

विजय चाट हाउसचं खोपरा पॅटिस घ्या: बाहेरून बटाटा, आत ओल्या खोबऱ्याचं सारण, गरम असतानाच फोडायचं, पण फुंकर घालून, कारण सारण जीभ भाजतं. जॉनी हॉट डॉगचं हॉट डॉग मागवाल तेव्हा परदेशी सिनेमातलं लांबुडकं काही डोळ्यांपुढे आणू नका. गोल पाव, तव्यावर दाबून भाजलेला, आत टिक्की. बटाट्याची असते तशीच मटणाचीही, तेव्हा घरात शाकाहारी माणूस असेल तर तोंडात घालण्याआधी विचारा. अंड्याचा तो बेंजो.

कचरा इथे खाली टाकायचा नाही, पण खाली म्हणजे अगदी टूथपिकसुद्धा. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सलग पहिलं येतं आणि गावाने ते अंगाला लावून घेतलंय. मी एकदा बघितलंय, एका गाडीतून कागद बाहेर पडला आणि शेजारच्या स्कूटरवरच्या काकूंनी तो उचलून, सिग्नलला काचेवर टकटक करून, परत आत दिला. "आपका कुछ गिर गया था." घरीही ओला-सुका कचरा पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. कचरागाडी सकाळी गाणं वाजवत येते आणि मिसळलेला डबा परत करते.

सराफा: कसं जायचं, कुठल्या क्रमाने खायचं

आता मुख्य गोष्ट. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री खाऊगल्ली. सांगतात की रात्री माणसांची वर्दळ राहिली तर दुकानं सुरक्षित राहतील, म्हणून सराफांनीच खाणेवाल्यांना ओट्यावर जागा दिली.

गाडी नेऊ नका. रिक्षा करा, राजवाड्यापाशी उतरा. शनिवार टाळा; मंगळवार-बुधवार उत्तम. राजवाड्यासमोर पाच मिनिटं थांबा, कारण नंतर परत येताना कोणाला मान वर करायची ताकद नसते. सात मजली आहे, खालचे तीन दगडाचे, वरचे लाकडाचे. १९८४ च्या दंगलीत मागचा भाग जळाला, तो पुढे पुन्हा उभारला. तिथून चालत दोन-चार मिनिटांत सराफा.

आत शिरल्यावर पहिली फेरी नुसती बघण्याची. खायचं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, काय कुठे आहे ते डोळ्यांत साठवायचं, मुलांना सांगायचं की हरवलात तर अमुक दुकानाच्या पाटीखाली उभं राहा. गर्दीत मोबाईलचा आवाज ऐकू येत नाही, आणि सराफा तसा अरुंदच.

मग परत फिरून क्रमाने. हा क्रम माझा. इंदुरी माणूस यावर भांडेल, भांडू द्या.

सुरुवात भुट्टे का कीसने. कोवळं कणीस किसून, तुपात मोहरी-हिंग-मिरचीच्या फोडणीवर परतून, दूध घालून मंद आचेवर शिजवत ठेवतात. आपण मक्याचा उपमा म्हणू, पण उपम्याहून कितीतरी मऊ आणि किंचित गोडसर. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू, जीरावन. पोटाला हलका, म्हणून पहिला.

मग जोशींचा दहीबडा. इथे खाण्याआधी बघायचं. वडा-दह्याने भरलेला दोना हवेत उंच उडवतात आणि झेलतात, दही सांडत नाही. मुलांनी व्हिडिओ काढून झाला की खरी गंमत पुढे आहे, ती बघा: एकाच चिमटीत चार-पाच मसाले घेतलेले असतात आणि ते बोटांतून एकेक करून वेगवेगळे सोडतात. आधी मीठ पडतं, मग जिरं, मग मिरची, एकमेकांत न मिसळता. माझा मुलगा सातवीत असताना महिनाभर घरी हे करून बघत होता. स्वयंपाकघरात अजूनही त्या बरणीत हळद आणि मिरपूड एकत्र आहे.

थंडी असेल तर तिसरे गराडू. तुकडे एकदा तळून ठेवलेले असतात, मागितले की पुन्हा कडक तळून, आंबट-तिखट मसाला आणि लिंबू मारून देतात. बाहेर कुरकुरीत, आत बटाट्याहून घट्ट आणि मऊ. हे मात्र दोन प्लेट घ्या, हा एकच अपवाद.

मग थोडं थांबा. पाणी प्या, बाटली घरून आणलेली बरी. इथवर येऊन साडेदहा-अकरा झालेले असतात आणि घरातलं कोणीतरी "आता बास" म्हणतं. त्याचं ऐकू नका, गोड राहिलंय.

गोडात मावा बाटी, रबडी, मालपुवा आणि जलेबा. जलेबा म्हणजे जिलेबीचा थोरला भाऊ, एकच नग पावशेराच्या घरात. चौघांत एक पुरतो, आणि रबडीत बुडवून खाल्लात तर सहा जणांत. मावा बाटी गुलाबजामसारखी दिसते पण आत मेव्याचं सारण भरलेलं. हिचा एक तुकडा पुरे. मी आजवर अख्खी खाऊ शकलेले नाही, आणि मी गोडखाऊ आहे.

नूडल्स, मोमो, चीज घातलेलं काहीबाही यांच्याही गाड्या सराफ्यात लागत, अजून कुठे दिसतीलही. मुलं तिकडे ओढतील. ते सगळं विजयनगरातही मिळतं, इथे त्यासाठी पोटातली जागा घालवू नका.

सराफा पूर्ण शाकाहारी आहे, त्यामुळे आजींना नेताना तो प्रश्न नाही. प्रश्न बसण्याचा आहे. बंद दुकानाच्या पायऱ्या हीच बैठक. गुडघे दुखणारं माणूस असेल तर घडीचं छोटं स्टूल पिशवीत ठेवा. आम्ही सासूबाईंसाठी नेतो, लोक सरकून जागा देतात, आणि त्या तिथे बसून शेजारच्या अनोळखी बाईला तिच्या सुनेबद्दल विचारतात. पैसे मोबाईलवरून सगळीकडे चालतात, तरी दहा-वीसच्या नोटा जवळ असू द्या. नेट नेमकं गर्दीतच रुसतं.

प्यायला काय

शिकंजी म्हटल्यावर तुम्हाला लिंबाचं सरबत आठवेल. इंदुरात शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, ताक किंवा दही, केशर, वेलची, जायफळ, मनुका आणि सुका मेवा. चक्क पिण्याचं श्रीखंड. जेवण झाल्यावर तहान लागली म्हणून मागवलीत तर फसाल, तहान तशीच राहील आणि रात्रीचं जेवणही रद्द होईल. अर्धा ग्लास, दोघांत. सराफ्यात मिळते, छप्पनलाही मिळते.

होळीच्या सुमारास कांजी-वडा मिळतो: मोहरी घालून आंबवलेलं पाणी, त्यात मुगाचे वडे. पहिल्या घोटाला नाक झिणझिणतं. पोटाला बरं. महाशिवरात्र आणि रंगपंचमीला ठंडाई घेताना मात्र "सादी है ना?" हे विचारल्याशिवाय ग्लास उचलू नका, विशेषतः सासऱ्यांसाठी. एवढंच सांगते, पुढची गोष्ट सांगत नाही.

चहाच्या कुल्हडवाल्या टपऱ्या कॉलेजांच्या आसपास पावलापावलावर दिसतील. देशभर पसरलेलं चाय सुट्टा बार २०१६ मध्ये इथूनच सुरू झालं. तुमच्या कॉलेजातल्या मुलाला ते माहीत असतं, तुम्ही विचारू नका.

मित्रमंडळी जमवायची तर दाल-बाफले

ओळखी झाल्या, आता घरी बोलवायचंय, तर पावभाजी करू नका. बाफले करा. मालवी माणूस पावसाळ्यात शेतावर किंवा धरणाकाठी दहा-वीस जण जमवून हेच करतो, त्याला गोठ म्हणतात. फ्लॅटच्या ओव्हनमध्येही जमतं.

आठ जणांना एक किलो जाडसर दळलेली कणीक, पाव किलो मक्याचं पीठ, हळद, ओवा, मीठ, चिमूट सोडा. तुपाचं मोहन इतकं की पीठ मुठीत दाबलं तर मूठ वळावी. पाणी बेताने, पीठ घट्टच हवं. लिंबाहून थोडे मोठे गोळे वळून उकळत्या पाण्यात सोडा. आधी तळाशी बसतात, मग वर येतात. वर आल्यावरही दहा मिनिटं उकळू द्या. बाटी आणि बाफल्यात फरक हाच, बाटी थेट भाजतात, बाफला आधी उकडतो म्हणून आतून मऊ राहतो. बाहेर काढून चाळणीत पूर्ण निथळू द्या. इथे घाई केलीत तर भाजताना चिवट होतात. माझे पहिले बाफले असे झाले होते की दिरांनी एक उचलून टेबलावर आपटून दाखवला होता.

मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर किंवा ओव्हनमध्ये, सोनेरी होऊन तडे जाईपर्यंत. गरम असतानाच कुस्करून तूप. तूप चमच्याने मोजत असाल तर बाफले करू नका. बरोबर आंबट-गोड-तिखट तुरीची डाळ, कढी, हिरवी चटणी, कांदा, आणि चार बाफले कुस्करून तूप-साखरेत वळलेले लाडू.

जेवण दीडला ठेवा. त्यानंतर काही ठरवू नका: ना सिनेमा, ना बाजार. चटया अंथरून ठेवा. साडेचारला चहा ठेवला की माणसं एकेक उठतात. घरी एवढा खटाटोप नको असेल तर सराफ्यातच राजहंसमध्ये दुपारी थाळी मिळते. तिथे मात्र झोपायची सोय नाही.

गावाबाहेर

पहिला पावसाळा असेल तर पातालपाणी-कालाकुंडची छोटी गाडी चुकवू नका. मीटर गेजवरची, डोंगर, बोगदे आणि पुलांवरून जाणारी ही वारसा गाडी २०१८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. मूळ मार्ग होळकरांच्या काळातला. दुसऱ्या तुकोजीरावांनी रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला १८७० मध्ये एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं. गाडी मुख्यतः पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी धावते आणि जागा लवकर भरतात, तेव्हा आरक्षण आधी करा आणि आदल्या दिवशी ती धावतेय ना हे बघून घ्या. पातालपाणी हा इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिलाचा मुलूख. तिथे त्याचं मंदिर आहे आणि त्याला मान म्हणून रेल्वे क्षणभर थांबते, असं गावातला प्रत्येक जण सांगतो.

कालाकुंड स्टेशनवर उतरलात की पहिलं काम कलाकंद. जवळच्या गावांतल्या दुधाचा, पळसाच्या पानावर मिळणारा, रवाळ आणि फार गोड नसलेला. परतीच्या वेळी घेऊ म्हणाल तर संपलेला असतो.

धबधबा बघा, पण कठड्याच्या अलीकडून. २०११ च्या जुलैत अचानक लोंढा आला आणि प्रवाहात उभं असलेलं कुटुंब वाहून गेलं. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली दिसत नाही. खाली ऊन असतं आणि पाणी वाढतं. पातालपाणी असो, तिंछा असो की चोरल, पावसाळ्यात मुलांना पाण्यात उतरू द्यायचं नाही. इथे माझा आवाज चढतो, चढू द्या.

मांडू शंभर किलोमीटरच्या आत आहे. पहाटे साडेसहाला निघालात तर दोन तलावांमधला जहाज महाल गर्दीआधी मिळतो. रस्त्यात भोपळ्याएवढी सुकी फळं घेऊन बायका बसलेल्या दिसतील; ती मांडूची इमली, गोरखचिंच, आत पांढरा आंबट गर. मुलांना दाखवा, एक घ्या, घरी कोणी खाणार नाही. त्या भागात दाल-पानिया मिळाले तर खा: मक्याच्या पिठाचा गोळा पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेला.

आणि महेश्वर. महाराष्ट्रातून आलेल्या आईवडिलांना पहिल्यांदा बाहेर नेणार असाल तर इथेच. अहिल्याबाईंचा वाडा, त्यांची साधी गादी, खाली नर्मदेचा घाट. आमच्या शेजारच्या आजी घाटावर तासभर काही न बोलता बसल्या, आणि मग म्हणाल्या, "पोहे आणलेत का कुणी?" डबा घरून न्या. घाटावर बसून खाण्यासारखं सुख नाही, फक्त माकडं आणि वारा यांच्याकडे लक्ष ठेवा. नाव करून नदीमधल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन या. साड्यांच्या दुकानात शिरायचं तर नाव आधी, साड्या नंतर. उलट केलंत तर अंधार पडतो.

जाता जाता दोन गोष्टी

मराठी नाटकं बघायची असतील तर सानंद या इथल्या मराठी संस्थेचं सभासदत्व चौकशी करून घ्या. नाटक सुटलं की अर्धं सभागृह तसंच सराफ्यात जातं, तिथे ज्या ओळखी होतात त्या सोसायटीच्या बैठकीत होत नाहीत. रंगपंचमीच्या गेरेला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जायचं तर जुने कपडे, मोबाईल प्लॅस्टिकमध्ये, आणि पाच वर्षांखालची मुलं घरी. पाण्याच्या तोफा थट्टा करत नाहीत.

पाहुणे परत निघाले की सोबत सेव द्या: लवंगेची, लसणाची, आणि एखादं पाकीट रतलामी. दुकानात आधी चाखायला मागा, तो मूठभर देतो, लाजू नका. जीरावन पाव किलो पुरतं. पुडी दोन पिशव्यांत घालून, गाठ मारून, डब्यात ठेवा आणि तो डबा खाण्याच्याच पिशवीत. नणंदेने ती घाईत कपड्यांच्या बॅगेत टाकली होती. तिची जांभळी माहेश्वरी तीनदा धुतली, ड्रायक्लीनला दिली, मागच्या महिन्यात तिच्याकडे मुंजीला ती नेसली होती, आणि पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनी तिला विचारलं, "तुम्ही इंदूरच्या का हो?"